दोन्ही बाजूंची खाच

ज्याची सेवा करावयाची, त्याला काय सोसते हे त्यालाच विचारावे. इतकी साधी गोष्ट मायेच्या भरात माणसाकडून राहून जाते. कसबा बावड्याच्या विरूपाक्षाकडूनही ती राहिली.

सन १९९७. न्हाणीत पाय घसरून त्याच्या आईचे, मल्लव्वाचे, कंबरेचे हाड मोडल्याला वर्ष झाले होते. हाड जुळले, पण एसटीचे धक्के तिला सोसेनात. हुपरीला तिची थोरली बहीण, आक्का, अंथरुणाला खिळलेली. "एकदा तिला डोळं भरून बघू दे," एवढेच मल्लव्वाचे मागणे. विरूपाक्षाजवळ मोटारसायकल होती. परंतु गुळाच्या ढेपा वाहण्यासाठी मागच्या दोन्ही स्प्रिंगा त्याने शेवटच्या खाचेपर्यंत ताठ करून ठेवल्या होत्या.

एका रविवारी सकाळी त्याने अंगणात गाडी स्टँडवर चढवली. आकडीच्या पान्ह्याने उजव्या स्प्रिंगेखालची कडी फिरवून पहिल्या, मऊ खाचेवर आणली. डावीपाशी हात थांबला. अव्वा, म्हणजे आई, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसणार, म्हणजे भार डावीकडेच पडणार. म्हणून डावी त्याने ताठच ठेवली. सीटवर वाकळेची घडी अंथरली आणि आईला हाक मारली.

गल्लीच्या वळणावर पहिलाच खड्डा आला. मागचे चाक तिरपे हेलकावले. मल्लव्वाने त्याचा खांदा आवळला.

"थांब, लेका, थांब!"

उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ऱ्हाऊ दे. तूच जा. आक्काला म्हणावं, मल्ली येत हुती."

विरूपाक्षाने गाडी स्टँडवर लावली. "तुझ्यासाठीच डावी बाजू टाईट ठेवली हुती की, अव्वा."

"एकच? का रं?"

"तू डावीकडं बसतीस न्हवं?"

मल्लव्वाने वाकून दोन्ही स्प्रिंगांकडे पाहिले. मग कंबर धरून हसू लागली. "येड्या, पाय डावीकडं हाईत, मी मदीच बसतीया की! माझ्या बानं हुपरीत जलमभर पैंजण केलं. जोडातलं एक जरा जड झालं तर दोन्ही परत आटवायचा. म्हणायचा, पोरीची चाल बिघडंल. तू तर गाडीचीच चाल बिघडवलीस!"

गाडी ढकलत विरूपाक्ष आईसह घरी परतला. आता विरूपाक्षाने दोन्ही कड्या पहिल्या खाचेवर आणल्या, आईला बसवले आणि गटारीच्या फरशीवरून गाडी हळूच नेली.

"कसं वाटतंय, अव्वा?"

"लई झुलतंय. पोटात ढवळतंय."

दोन्हीकडे एकेक खाच वाढवली. बोटाने चाचपून डावी मोजली, उजवी मोजली, पुन्हा डावी. गाडी पुन्हा फरशीवरून गेली.

"आता?"

मल्लव्वाने डोळे मिटले होते. "आता कमरंला कळतबी न्हाय. चल, आक्का जेवायच्या आत पोचू."

पदर खोचून तिने लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी तो हात आवळलेला नव्हता.

दोघी बहिणींना भेटीचे असे दिवस आणखी लाभोत. आणि त्यांना वाहून नेणाऱ्या हातांना थांबून विचारण्याची बुद्धी सदैव राहो.