ऑपरेशनची तारीख

आई स्तनांच्या कॅन्सरने गेली तेव्हा चव्वेचाळीसची होती, मावशी सत्तेचाळीसची. मला त्रेचाळिसावं सरत आलं, तसा मी निर्णय घेऊन टाकला: दोन्ही स्तन काढून टाकायचे. आजार दाराशी यायची वाट कशाला बघायची?

पुस्तकं बांधायचं माझं काम. हातातली सगळी बांधणी संपवली आणि तारीख घेतली. नवरा नुसता भांडी घासत राहिला, तीही घासलेलीच.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी एक तपासणी करू. थुंकी द्यायची, बस्स."

"जनुकाची ना? केलीय. दोष नाही निघाला."

"ती एका मोठ्या दोषाची. ही जनुकांतल्या तीनशेवर बारीक खुणांची. एकेकीचा जोर नगण्य, पण बेरीज करून त्यात घरचा इतिहास, वय, मॅमोग्राम धरला, की तुमचा स्वतःचा धोका कळतो. आजवर आपण आईकडे बघून तुमचा अंदाज बांधत होतो."

दीड महिन्याने अहवाल आला. घराण्यावरून माझा धोका शंभरात अठ्ठावीस धरला होता. तो चौदावर आला.

"म्हणजे होणारच नाही?"

"असं कुणालाच सांगता येत नाही. पण एवढ्यासाठी मी सुरी हातात घेणार नाही. दरवर्षी तपासणीला या."

जिन्यात पायरीवर बसून हमसून हमसून रडले. एका अनोळखी बाईने पाणी दिलं. "वाईट बातमी?"

"नाही हो, चांगली आहे!"

बाई जरा लांबच सरकली.

ताईला फोन केला. ती तपासणीच्या नावानेच चिडायची. "मग माझंही तसंच असणार," ती म्हणाली.

"बहिणी असलो तरी खुणा सगळ्या सारख्या नसतात गं. तुझं तुलाच बघावं लागेल."

आठवडाभर तिचा फोन नाही. मग एकदम दारात उभी. "चल, थुंकून येऊ."

तिचा आकडा माझ्या दुप्पट निघाला. तिचा चेहरा उतरला. डॉक्टरबाईंनी लगेच एमआरआय करून घेतला. छाती स्वच्छ होती. आता दरवर्षी असंच बारकाईने बघायचं ठरलं.

"चला, कुणीतरी लक्ष ठेवून आहे माझ्यावर," ताई म्हणाली. "इतकी वर्षं मी एकटीच गाठ लागते का चाचपत बसायचे. कुणाला सांगितलं नाही कधी."

त्या दिवशी ती माझ्याकडेच राहिली. जेवली आणि आठालाच झोपली. चांगली घोरत होती.