खडकाआडचं पाणी

आमच्या यांना गाडी चालवता येत नव्हती. अर्धं आयुष्य मस्कतमध्ये काढलेल्या माणसाबद्दल असं सांगितलं की लोक हसतात, आणि हसावंच. इथे लायसन्स हवं असेल तर आधी पिंपांच्या मधून गाडी रिव्हर्समध्ये न्यावी लागते. हे दर वेळी एखादं पिंप आडवं करायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "प्रेमा, त्या पिंपांनी माझं काय वाकडं केलंय? जाऊ दे, मीच माघार घेतो." वादी कबीर भागातल्या वर्कशॉपमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी लाल बसची वाट बघत उभं राहायचं, असे माझे तानाजीराव.

बसने घरी येणं मी समजू शकते. पण हा माणूस बसने डोंगर चढायला जायचा. शुक्रवारी सुट्टी, सगळं जग झोपलेलं, आणि हे पहाटे बूट घालून तयार. सोबतीला मत्रहच्या बाजारात कापडाच्या दुकानात काम करणारे जैनुद्दीन. यांचं गाव वेलदूर, जैनुभाईंचं दाभोळ, मधे फक्त खाडी. लहानपणी दोघांनी एकमेकांच्या गावचे दिवे पाहिले असतील, पण ओळख झाली ती इथे, एका थांब्यावर, दोघांचीही बस चुकल्यामुळे. मग कुठल्या बसने कुठे उतरलं की कुठली पायवाट लागते, हे दोघांना तोंडपाठ झालं. रुस्ताकच्या बसने तिकडचे डोंगरही पालथे घालून आले. पण खरा जीव रियामच्या वाटेवर. रियामला उतरायचं, डोंगर ओलांडायचा आणि मत्रहला उतरायचं, म्हणजे जैनुभाई जुम्म्याच्या नमाजाला वेळेत पोचत.

तिथले काळपट खडक म्हणजे कोण्या काळचा समुद्राचा तळ, लाव्ह्यातून घडलेला आणि मग वर उचलला गेलेला, असं यांना कुणीतरी सांगितलं होतं. झालं! घरी येऊन म्हणायचे, "आज पुन्हा समुद्राच्या तळावरून चालून आलो, आणि पाय बघ, कोरडे!" दर शुक्रवारी तोच विनोद, आणि दर शुक्रवारी मी कपाळाला हात लावायची.

गेल्या रमजानमधल्या एका शुक्रवारी हे त्या वाटेवरून परत आले नाहीत.

यांना मधुमेह होता, गोळ्या चालू होत्या. डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरली आणि हृदयाला ते झेपलं नाही. एका मोठ्या खडकामागे पडलेले सापडले. शेजारी मी भरून दिलेला डबा, झाकण उघडलेलं. घावनं तशीच, गूळखोबरं तसंच. पाण्याची बाटलीही भरलेली. साखर हातात होती आणि माणूस साखरेवाचून गेला, हे माझ्या डोक्यात आजही मावत नाही.

हॉस्पिटलात मी जैनुभाईंना विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" त्यांनी मान खाली घातली. "तिथंच होतो, वैनी," एवढंच म्हणाले. तिथेच होते! तिथेच असलेल्या माणसाला आपला दोस्त पडलेला दिसत नाही? माझं डोकं फिरलं. नमाजाच्या घाईत यांना मागे टाकून पुढे निघून गेले असणार, हे मी मनाशी पक्कं केलं आणि तिथेच, सगळ्यांदेखत, सांगून टाकलं, की पुन्हा माझ्या दारात येऊ नका. ते आले नाहीत. यांना मी गावी नेलं, दिवसकार्य उरकलं आणि परत नोकरीवर आले. शाळेच्या बसमध्ये पोरांना चढवण्या-उतरवण्याचं माझं काम. पोरं आपली इंग्रजीत भांडतात, मी मराठीत ओरडते, आणि आमचं छान जमतं.

यंदा शाळेचं वर्ष संपताना मी राजीनामा दिला. पुण्याला, मुलीकडे, कायमचं जायचं ठरलं. पण तो प्रश्न घेऊन मला विमानात बसवेना. उर्वीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "मम्मा, लेट इट गो ना. अंकल काय सांगणार आता? तुला अजून जास्त दुखणार." दुखणार तर दुखू दे. माझा नवरा एकटा पडून मेला की नाही, एवढं मला कळायलाच हवं होतं.

मी जैनुभाईंना फोन लावला, तो त्यांच्या बायकोने, हवाबीने, उचलला. माझा आवाज ऐकून ती आधी रडली. मग म्हणाली, "वैनी, अजून दर शुक्रवारी थांब्यावर जातात. बस येते, दार उघडता, नि चढत नाय. तसेच घरी येतात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला राग आला.

"त्यांना म्हणावं, या शुक्रवारी चढा," मी म्हटलं. "मी बसमध्ये असेन. मला ती वाट बघायची आहे."

पुन्हा रमजानच चालू होता. मी पुढे बायकांच्या सीटवर बसले होते. मत्रहच्या थांब्यावर दार उघडलं. जैनुभाई उभे होते. दाढी पार पांढरी झालेली. क्षणभर वाटलं, आजही चढणार नाहीत. मग चढले, माझ्याकडे न बघता मागे जाऊन बसले. समुद्राच्या कडेकडेने बस रियामला आली. आम्ही दोघेच उतरलो.

चढ माझ्या गुडघ्यांना मानवणारा नव्हता. खडकांवर रंगाच्या पट्ट्या ओढून वाट दाखवलेली, पण मला पट्ट्यांची गरजच पडली नाही. जैनुभाई प्रत्येक वळणावर थांबत. मागे वळून बघत नसत, बोलत नसत, नुसते उभे राहत. माझ्या चपलांचा आवाज जवळ आला की पुढचं पाऊल टाकत. पुढे निघून जाणारा माणूस असा थांबत नाही, हे मला दिसत होतं आणि मान्य करायचं नव्हतं. ऊन वर आलं. घसा कोरडा पडला, तरी मी पिशवीतल्या बाटलीला हात लावला नाही. त्यांचा रोजा होता आणि माझा राग होता.

वरच्या अंगाला वाट जरा सपाट झाली. तिथे माणूसभर उंचीचा एक काळा खडक होता. जैनुभाई थांबले.

"हाच," ते म्हणाले.

मी खडकामागे गेले. तिथे काहीच नव्हतं. थोडी सावली, थोडी वाळलेली शेळ्यांची लेंडकं. एवढ्याशा जागेत माझा माणूस गेला. मी खडकाला हात लावला, तर तो नुसता गरम लागला. मी बाहेर आले.

"आता सांगा. कुठे होतात?"

ते खडकाच्या अलीकडे पडलेल्या एका बसक्या दगडापाशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले, तोंड समुद्राकडे.

"हितं," ते म्हणाले. "असा."

मला काही कळेना. ते तसेच पाठमोरे बोलू लागले.

"रोज्याच्या दिवसांत तो माझ्यासमोर कधी पाणी प्यायला नाय, वैनी. मी किती बोललो, अरे, तुझ्या घोटान माझा रोजा तुटतो काय? तर बोलायचा, तू असा बसलेला असताना मला गिळवत नाय. मंग त्या खडकामागं जाऊन खायचा. मी बघितला तर त्याला चोरट्यासारखा वाटायचा, म्हणून मी पाठ करून बसायचो. दर रमजानात. खाऊन झाला की यायचा नि पाठीवर थाप मारायचा, 'यल्ला, अर्बाब! चला, मालक!' त्या दिवशी मी थापेची वाट बघत बसलो."

"पण घरून काहीतरी खाऊन निघायचे ना?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "रमजानात उपाशीच निघायचा. खडकापर्यंत तुला सोबत, असा बोलायचा. तुमाला सांगू नको बोललेला. तुम्ही वरडाल म्हणून."

ओरडलेच असते. गोळी घेऊन उपाशी डोंगर चढणाऱ्या माणसाला ओरडू नको तर काय ओवाळू? दर शुक्रवारी मला दारातून सांगायचे, "खाल्लं गं, पोटभर खाल्लं." आणि मी त्यावर विश्वास ठेवायची.

"उशीर झाला तेव्हा वाटला, जाऊन बघावा," जैनुभाई म्हणाले. "मंग वाटला, आडोशाला बसला असेल, बघणा बरा नाय. हाक मारली. ओ दिली नाय. तरी मी मान वळवली नाय, वैनी. मंग उठलो, तवर..."

"हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? त्याची लाज राखत बसलो नि तो गेला, असा सांगू?"

वर्षभर मला एक गुन्हेगार हवा होता. आणि हाती लागले हे दोन म्हातारे खुळे. एकाने दुसऱ्याच्या रोज्याचा मान राखला, दुसऱ्याने पहिल्याच्या भुकेचा, आणि दोघांच्या मधे हा दगड. दोघांना धरून बदडावं असं वाटलं. पण एक राहिला नव्हता आणि दुसऱ्याचे खांदे हलत होते. मी मटकन खाली बसले आणि रडले, गावीसुद्धा रडले नव्हते तशी.

रडणं ओसरल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पिशवीतून बाटली काढली आणि उठले. काही ठरवलं नव्हतं, पण पाय आपोआप खडकाच्या मागे वळले. रोजा असलेल्या माणसासमोर कसं प्यायचं? शाळेच्या बसमध्येही रमजानभर मी बाटली लपवूनच ठेवते, ड्रायव्हरचा रोजा असतो म्हणून.

"वैनी!"

मी थांबले. जैनुभाई दगडावरच वळले होते. त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"मागं नको जाऊ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला कधी अहो-जाहो सोडून न बोललेला माणूस. "हितं बस. माझ्यासमोर पी."

मी त्यांच्या समोर बसले. झाकण उघडलं. पहिला घोट घशाखाली उतरेना, ठसका लागला.

"सावकाश," ते म्हणाले. "सगळा पी."

मी प्यायले. त्यांच्या ओठांवर पापुद्रे आले होते, गालांवरून पाणी दाढीत उतरत होतं. बाटली रिकामी होईपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले, डोळे पुसायलासुद्धा त्यांनी नजर काढली नाही.