वर कोणी राहत नाही

नगरपालिकेतल्या कारकून बाईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पंचेचाळीस दिवसांत पोलीस घरी येऊन बघून जाईल. कधी येईल ते सांगणार नाही. तुम्ही खरंच इथे राहता असं त्याला दिसलं, तरच नाव नोंदलं जाईल. नाहीतर अर्ज रद्द."

नाव नोंदलं गेलं की मग पणजोबांच्या नात्याने इटलीचं नागरिकत्व मागणारे आमचे कागद पुढे सरकणार. माझे पणजोबा सेकोन्दो याच तालुक्यातून बोटीत बसून अर्जेंटिनाला गेले. त्यांना जाताना कोणी इतके प्रश्न विचारले नसतील. मी मात्र त्यांच्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचे जन्म, लग्नं, मरणं एका बॅगेत भरून इटलीत उलट आले. माझ्याबरोबर माझी पाच वर्षांची लेक, रेनाता. तिकडे अर्जेंटिनात, रोसारिओ शहरात, आमच्या गल्लीत टोळ्या गोळ्या झाडायला लागल्या, तेव्हा बालवाडीच्या बाईंनी पोरांना खिडकीखाली आडवं पडायला शिकवलं. रेनाता पटकन शिकली. त्याच आठवड्यात मी दाखले गोळा करायला घेतले.

इथे घर मिळालं दुसऱ्या मजल्यावर. खाली सिन्योरा इर्मा, ऐंशीच्या पुढची. आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी रेनाता पलंगावरून जमिनीवर उड्या मारत होती, तर खालून झाडूचा दांडा छताला बसला. ठक, ठक, ठक. घर मिळवून देणारा दलाल फोनवर म्हणाला, "त्या म्हातारीला दुखवू नका हं. तिने तक्रार केली की संपलं."

मग काय, खुर्च्यांच्या पायांना मी मोजे चढवले. रेनाताला लोकरीच्या सपाता आणल्या. "शू" आणि "हळू" एवढे दोनच शब्द मी दिवसभर बोलत असेन. बालवाडीत विचारलं तर म्हणाले, आधी नोंद होऊ द्या. त्यामुळे ती दिवसभर घरात, आणि मी दिवसभर घंटीकडे कान लावून. आंघोळसुद्धा दार उघडं टाकून करायची, न जाणो त्याच वेळी यायचा. इतकी थकले होते की बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि दचकून जाग यायची.

एकेचाळिसाव्या दिवशी रेनाताचा कान दुखायला लागला. ती कुजबुजत रडत होती. हो, कुजबुजत. तिला घेऊन औषधाच्या दुकानात धावले, वीस मिनिटांत परत आले. दाराखाली चिठ्ठी: पोलीस येऊन गेला, घरात कोणी नव्हतं.

तशीच नगरपालिकेत गेले. दारिओ नावाचा तो पोलीस कॉफी ढवळत बसला होता.

"बाई, मी शेजारी चौकशी केली," तो म्हणाला. "सिन्योरा इर्मा म्हणाली, वर कोणी राहत नाही. दोन दिवस होते, मग गेले."

"अहो, आम्ही तिथेच आहोत! एकेचाळीस दिवस!"

"गेल्या वर्षी त्याच घंटीवर तुमच्यासारख्याच अर्जदारांची अकरा नावं होती. घरात एक दात घासायचा ब्रशसुद्धा नव्हता. मी कोणावर विश्वास ठेवू? अजून एकदा येईन. पण ती पन्नास वर्षं तिथे राहते, तिचं म्हणणं मला लिहावंच लागतं."

मी इर्माच्या दारावर अक्षरशः थापा मारल्या.

"मी खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "पाऊल वाजलं नाही, खुर्ची सरकली नाही, पोर रडलं नाही. माणसं राहतात तिथे आवाज होतो, पोरी."

"तुम्हीच झाडू ठोकलात ना!"

"झाडू मी सगळ्यांसाठीच ठोकते. नवरा होता तेव्हा त्याच्या घोरण्यासाठी भिंतीवर ठोकायचे. म्हणून काय तो घोरायचा थांबला?"

"मग आता सांगा ना त्याला, आम्ही एकेचाळीस दिवस इथेच आहोत म्हणून."

"जे ऐकलं नाही ते मी सांगत नाही." आणि तिने दार लावलं.

वर आले. सपाता काढून फेकल्या. रेनाताला पलंगावर उभं केलं आणि म्हटलं, "मार उडी."

ती माझ्या कानाशी आली. "आई, ती आजी झाडू मारेल."

"मारू दे. मार उडी!"

तिने उडी मारली. चवड्यांवर उतरली, मांजर उतरावं तशी. जरासुद्धा आवाज नाही. पुन्हा मारायला सांगितली, पुन्हा तेच. मला रडूच कोसळलं. पोरीला पासपोर्ट मिळावा म्हणून मी तिची उडी काढून घेतली होती.

मग मी बूट घातले आणि स्वतः पलंगावर चढले. अशा उड्या मारल्या की कपाटातली भांडी हलली. रेनाता कोपऱ्यात, दोन्ही हात तोंडावर. पाचव्या उडीला खालून झाडू आला. ठक, ठक, ठक. एवढा गोड आवाज मी या गावात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारिओ आला. त्याच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं.

"तक्रार आहे," तो म्हणाला. "'वरच्या मजल्यावरच्या लहान मुलीचा धिंगाणा. एकेचाळीस दिवस सहन करते आहे.' काल म्हणे कोणी नाही, आज म्हणे एकेचाळीस दिवस. वय झालंय तिचं."

मी दार सताड उघडलं. इर्माचं वय काही झालेलं नव्हतं.

त्याने पलंग बघितला, कपाट उघडलं, न्हाणीघरातले दोन ब्रश बघितले, फॉर्मवर खुणा केल्या. माझी सही घेतली.

"झालं. आता ती धिंगाणेवाली कुठेय? तिलाही विचारतो."

रेनाता आली. अनवाणी, टाचा उचलून. त्याने नाव विचारलं. तिने ओठ हलवले. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून तो गुडघ्यावर बसला आणि कान तिच्याजवळ नेला.

"जरा मोठ्याने सांग की, बाळ."

आणि रेनाताने, चालेल का म्हणून, माझ्याकडे बघितलं.