मेलेलं पाणी

निर्मळ गावच्या त्या वाडीतल्या विहिरीच्या पाण्याला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. पाहुण्याला गूळ द्या, चहा द्या, तो कौतुक करायचा ते पाण्याचंच. शांतारामअण्णांनी स्वतः खणलेली विहीर ती. अण्णा गेल्यापासून तर त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंना त्या पाण्याशिवाय घास उतरत नव्हता. पुन्हा पुन्हा आंव पडून गालफडं बसली, तरी बाई नळाच्या पाण्याला शिवेनात.

त्यांची लेक हेमांगी नालासोपाऱ्यात लॅब चालवायची. आईच्या शौचाचा नमुना तिने स्वतःच सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. अमीबाच्या पुट्या, कवचात दडून बसलेले अमीबा! केळी शिंपून दमलेले अण्णा याच विहिरीचं पाणी पोहऱ्याने तिच्या ओंजळीत ओतायचे. कोपरांवरून ओघळ थेट फ्रॉकमध्ये शिरायचे. तो गारवा तिला आत्ताही हवाहवासा वाटला. पण आता विहिरीला खेटून चाळीचे संडास उभे होते.

दुपारी ती वाडीत आली. "आई, विहिरीचं पाणी बंद."

"का म्हणून? रोज तुरटी फिरवते. तू दिलेले क्लोरीनचे थेंब टाकते. बघ कसं नितळ आहे!"

हेमांगीला हसावं की रडावं कळेना. थेंब तिनेच आणून दिले होते, शहाणीने!

"अगं, वाईट दिवस आले की हा अमीबा अंगाभोवती टणक कवच करतो आणि आत गप्प बसतो. खाणं नाही, हलणं नाही. तुझ्या थेंबांना तो भीक घालत नाही, पोटातल्या आम्लालाही नाही. आतड्यात पोचला की कवच फोडून बाहेर."

"मग मरतो कशाने?"

"पाणी उकळल्याने."

"उकळलेलं पाणी मेलेलं असतं, हेमा." सावित्रीबाईंचा आवाज कातर झाला. "हे गेले, केळी गेली, मोगरा गेला. ह्यांच्या हातचं एवढं पाणीच उरलंय."

हेमांगीचेही डोळे भरले. "आणि मला तू एकटीच उरली आहेस, त्याचं काय?"

सावित्रीबाई उठल्या, गॅस पेटवला, पातेलं भरून पाणी उकळत ठेवलं. मग कळशीतून एक तांब्या तसाच भरून घेतला.

"आई! हा कशाला?"

"ह्यांच्या फोटोपुढे ठेवायला," त्या म्हणाल्या. "तुझ्या अण्णांना आता कसली आंव पडणार?"