रोमुलोच्या वाटणीचं

कारभारी बेनेडिक्टोने तांदळाचं पोतं झोपडीच्या उंबऱ्यात टेकवलं आणि आत न येताच सांगितलं, "सोमवारी येऊन बंदूक घेऊन जा. असं पोतं दर महिन्याला मिळेल." नेमेसियोने काही बोलायच्या आत त्याची जीप धूळ उडवत निघूनही गेली.

पोतं तिथेच राहिलं. धाकटीने त्याच्याभोवती फेरी मारली, शिवणीला नाक लावलं आणि आईकडे पाहिलं. पुरिंगने तिला उचलून मागच्या बाजूला नेलं.

त्या वर्षी साखरेचा भाव पार कोसळला होता. नेग्रोस बेटावरच्या त्या मळ्यात मालकाने ऊस लावलाच नाही. दुसरं काही पेरायची मजुरांना मनाई, त्यामुळे डोळा पोचेल तिथवर जमीन पडीक आणि मजुरांच्या झोपड्यांच्या ओळीत मुलं उपाशी. तरणी पोरं एकेक करून डोंगरात बंडखोरांकडे गेली. त्यांनी मालकाचा ट्रॅक्टर जाळला, तेव्हा मालकाने शहरातून हुकूम सोडला की पहारेकरी नेमा. ऊस लावणं त्याला परवडत नव्हतं, बंदुका मात्र परवडत होत्या. आणि पहारेकरी लांबून कशाला आणायचे? ज्या झोपड्यांतून पोरं डोंगरात गेली, त्याच झोपड्यांत भुकेले बापही होते.

कारभाऱ्याची नजर नेमेसियोवर गेली, त्याला तो स्वतःच कारण होता. मळ्याच्या जत्रेत त्याने मालकाच्या बंदुकीने धावतं रानडुक्कर एका गोळीत लोळवलं होतं. मालकाने पाठ थोपटली आणि हा गडी कितीतरी दिवस छाती काढून हिंडला. नेम दाखवायची ही हौस एक दिवस नडणार, असं पुरिंगने तेव्हाच बजावलं होतं.

डोंगरात गेलेल्यांत रोमुलो होता, शेजारच्या विधवा दोराचा एकुलता एक. बाप्तिस्म्याच्या वेळी नेमेसियोने त्याला हातांवर घेतलं होतं, म्हणजे तो त्याचा धर्मबाप. तेव्हापासून दोरा त्याला कुम्पारे म्हणायची आणि तो तिला कुमारे. तिकडे हे नातं सख्ख्यापेक्षा काकणभर सरसच. बाप गेल्यावर पोराला नांगर धरायला शिकवलं तेही नेमेसियोनेच.

"मी हवेत झाडीन," तो बायकोला म्हणाला.

"हवेत किती दिवस झाडशील? आणि समोर रोमुलो आला तर?"

"मग पोरांना काय घालू?"

पुरिंगने पोत्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "हे बघ, यातली मूठ चुलीवर चढली की तू त्यांचा माणूस झालास. चढवायची तर तू चढव. माझा हात नाही उचलणार."

रविवारी सकाळी धाकटी रडायचीही थांबली. ते मात्र नेमेसियोला बघवेना. तो पोत्यापाशी बसला आणि सुतळीची गाठ सोडू लागला. तेवढ्यात दारात दोरा उभी राहिली. तो चोरासारखा दचकला. पोतं आल्याचं सगळ्या ओळीला ठाऊक होतं. आता ही तळतळाट देणार, आणि द्यावेतच, असं त्याला वाटलं.

दोराने टोपली खाली ठेवली. आत उकडलेली रताळी होती.

"हे पोरांना घाल," ती म्हणाली, "आणि ते पोतं परत नेऊन टाक."

"कुमारे, तुझ्याच घरात काही नाही."

"रोमुलोच्या वाटणीचं आहे. तो नसतो आता जेवायला." मग ती जरा हसली. "रोज दोघांचं उकडते रे मी. सवय जात नाही. तू खाल्लंस तर माझ्यावरच उपकार होतील."

मग तिने सांगितलं की ती एकटी नाही. ओळीतल्या बायकांनी आपसांत ठरवलं होतं, रोज एकेका घरातून नेमेसियोकडे काहीतरी यायचं. त्यातल्या एकीच्याही घरी पोटभर नव्हतं. नेमेसियो तिथेच पोत्याला पाठ लावून ढसाढसा रडला.

त्याने गाठ पुन्हा आवळली आणि भरदिवसा, सगळ्यांदेखत, पोतं खांद्यावर टाकून कारभाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं. कारभारी चिडला नाही, नुसता हसला. संध्याकाळी तेच पोतं खालच्या ओळीतल्या एल्पिदियोकडे पोचलं. नेमेसियोने त्याला कधी नावं ठेवली नाहीत. त्याच्याकडे टोपली घेऊन कुणी गेलं नव्हतं.

पुढे रोज केळीच्या पानाखाली झाकलेलं काही ना काही येत राहिलं. नेमेसियोने आधी फेडायचा प्रयत्न केला. याचं छप्पर शाकारून दे, तिचं पाणी भरून दे. असली देणी फिटत नाहीत हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. मग तो जेवणाआधी देवाचे आभार मानायचा आणि त्यात शेजाऱ्यांची नावं घ्यायचा. कधीकधी देव राहून जायचा.

एरवी कापणीचा हंगाम असता, त्या दिवसांत नदीकाठी बंडखोरांशी सैनिकांची आणि पहारेकऱ्यांची चकमक झाली. गोळी कुणाची ते कळलं नाही. रोमुलोचं प्रेत सैनिकांनी गावच्या चौकात आणून टाकलं. जो रडेल, जो प्रेतावर हक्क सांगेल, तो बंडखोरांचा, हे सगळ्यांना माहीत होतं. बायका भाजीच्या टोपल्या घेऊन मान खाली घालून जात होत्या, आणि त्यांत दोराही होती. तू पुढे यायचं नाहीस, असं नेमेसियोने तिला निक्षून सांगितलं होतं.

तो एकटाच पुढे झाला.

"कोण लागतो हा तुझा?" सैनिकाने विचारलं.

"माझा मुलगा आहे. मी धर्मबाप त्याचा."

सैनिकाने त्याचं नाव, झोपडी सगळं विचारून घेतलं. बाजूला एल्पिदियो बंदूक घेऊन जमिनीकडे बघत उभा होता. नेमेसियो वाकला. पोराच्या अंगाखाली हात घालताना त्याला आधी रडू आलं नाही, त्या सगळ्या चुली आठवल्या. त्यांच्यामुळे तो आज इथे, या बाजूला उभा होता. मनातल्या मनात त्याने एकेकीचे आभार मानले आणि रोमुलोला उचललं.

भाजीवाल्यांपाशी एक बाई वाटेतून बाजूला झाली नाही. तिने टोपली खाली ठेवली, सैनिकांकडे पाहिलंही नाही, आणि पुढे होऊन लोंबणाऱ्या डोक्याखाली हात दिला.

"मान सांभाळ, कुम्पारे," दोरा म्हणाली.