लाकडी तलवारीचा संशय

मी एक जुनी तलवार आहे, मित्रांनो. दचकू नका, लाकडाची आहे. चर्चमधल्या नाटकासाठी सुतारानं मला दाराच्या उरलेल्या फळीतून काढलं, चंदेरी रंग फासला आणि म्हणाला, "हिच्यानं लोणीसुद्धा कापायचं नाही." असेल बाबा. पण माझ्यावर मूठ बसली की साधा माणूसही छाती फुगवतो. म्हणून मला उचलणाऱ्या प्रत्येकाचा मला संशय येतो.

पहिली बरीच वर्षं मी तटबंदीचं नाटक केलं. ज्यू आणि ख्रिस्ती दोघंही मानतात त्या जुन्या शास्त्रातली गोष्ट. शिंगं वाजली की शत्रूच्या शहराचा पुठ्ठ्याचा तट धाडकन पडायचा, मला उंच धरायचे, टाळ्याच टाळ्या! तट पडल्यावर आतल्या बायापोरांवरही तलवार चालली, तेही तिथं लिहिलंय. ते कोणी करून दाखवत नव्हतं. त्याच शास्त्रात तलवारी ठोकून नांगराचे फाळ होतील असंही आहे. त्याचंही नाटक कोणी बसवलं नाही. नांगराला टाळ्या कोण देणार?

मग नाटक ताईच्या हाती आलं. ताई चर्चमध्ये मुलांना शास्त्र शिकवायची. तिला दोन भाऊ, थोरला शिंपी, धाकटा न्हावी. बापाच्या घरात मधोमध फळ्या ठोकून दोघं वेगळे झालेले, बोलणं पार बंद. ताईनं बागेतला प्रसंग निवडला. येशूला धरायला लोक येतात, एक शिष्य तलवार उपसून नोकराचा कान उडवतो. येशू त्याला तलवार ठेवायला सांगतो आणि कान बरा करतो. शिष्य केला थोरल्याला, नोकर धाकट्याला. तिला वाटलं, या निमित्तानं तरी बोलतील. मी मनात म्हटलं, बाई गं, कोणाच्या हातात काय देतेस?

कान चामड्याचा, डिंकानं चिकटवलेला. एकदा पडला की परत काही चिकटेना. येशू झालेला बेकरीवाला वैतागला. "कान पडला की पडदा पाडा. टाळ्या तिथंच आहेत."

"आणि बरा कधी करायचा?" ताई म्हणाली.

थोरला फणकारला, "ताई, अंगरखा विका पण तलवार घ्या, असंही येशूनंच सांगितलंय."

"अरे शहाण्या, अंगरखे तर तू रोजच विकतोस! शिष्यांनी दोन तलवारी दाखवल्यावर तो 'पुरे' म्हणाला, ते वाचलंस का?"

सगळे हसले. थोरला हसला नाही. त्यानं मला आवळून धरलं, आणि माझा संशय पक्का झाला. पडदा लवकर पाडायचं मात्र ठरलंच.

नाटकाच्या दिवशी हॉल गच्च भरला. थोरल्यानं मला उपसलं आणि तालमीसारखं हवेत न फिरवता सरळ हाणलं. चामड्याचा कान उडाला, पण माझी कड खऱ्या कानाला लागली. रक्त आलं. लोकांना वाटलं रंगच आहे. काय टाळ्या पडल्या! माझ्या जन्मात तेवढ्या मिळाल्या नव्हत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडदा सरकायला लागला. विंगेतून ताई ओरडली, "थांबवा तो! कोणी ओढू नका!"

पडदा अर्ध्यात थांबला. टाळ्या विरल्या. बेकरीवाला आपलं वाक्य विसरून नुसता म्हणाला, "ठेव रे ती आता."

धाकटा कान धरून खाली बसलेला. "दादा, खरंच लागलंय रे."

थोरल्यानं मला टाकलं. गुडघे टेकून स्वतः शिवलेल्या झग्याची बाही त्यानं कानावर दाबली. "हात काढ, बघू दे."

"बघ. पण शिवायला बसू नकोस."

थोरला हसता हसता रडायला लागला. बाही त्यानं कितीतरी वेळ काढली नाही.

मित्रांनो, लगेच गोड मानू नका. घरातल्या फळ्या अजून तशाच आहेत. पलीकडे हाक मात्र जाते, "झोपलास का रे?" चर्चच्या नाटकमंडळात काहीजणांना पुन्हा तटबंदीचं नाटक हवंय. म्हणून एवढंच मागते. शास्त्राचं बोट धरून कोणी मला उचलायला आला, तर त्याला आधी बसवा. कुठलं पान वाचून आलास, विचारा. त्याच्या मागचं आणि पुढचं पान त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. तोवर मला पेटीतच राहू द्या.