उरलेले ओठ

बाई परदेशी मालिकांचे संवाद आपल्या भाषेत लिहायच्या. ऐकायला झकास काम, करायला बसलं की जीव मेटाकुटीला येतो. पडद्यावरचा नायक त्याच्या भाषेत लांबलचक बोलणार, आपलं वाक्य दोन शब्दांत संपणार, आणि त्याचे ओठ आपले हलतच राहणार. त्या उरलेल्या ओठांत काहीतरी कोंबायला नको? सात वर्षांपूर्वी एका कंटाळवाण्या दुपारी बाईंनी एका मालिकेत कोंबलं, "मनापासून सांगतो, अगदी आतून." ओठ बरोब्बर भरले. मग काय, जिथे ओठ उरतील तिथे हेच.

ती मालिका सातशे भाग चालली, खंडातल्या चौदा देशांत. उरलेले ओठ सगळ्यांनाच भरायचे होते, त्यामुळे प्रत्येक देशातल्या संवादवाल्यानं असलाच काहीतरी भुसा भरलेला. बघता बघता अख्खा खंड छातीवर हात ठेवून आतून सांगायला लागला. भाजीवाला आतून सांगे की भाजी ताजी आहे. मंत्री आतून सांगे की चौकशी होणार. कहर म्हणजे एका प्राध्यापकानं पेपरात लिहिलं, ही आपली हजार वर्षांची बोलण्याची रीत, शेजाऱ्यांनी ती चोरली! शेजारच्या देशातल्या प्राध्यापकानंही तोच लेख लिहिला, फक्त चोर बदलून. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

तरी त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण घरात लग्नाची लेक होती. लेकीचा बाप गोड बोलता बोलताच एक दिवस पसार झाला होता. तेव्हा पोरीला खरं बोलणारा माणूस मिळू दे, एवढंच बाईंचं देवाकडे मागणं.

रविवारी सकाळी लेकीनं पसंत केलेला मुलगा घरी आला. लिफ्ट दुरुस्त करायचा. शर्टाला कडक इस्त्री, नखांत काळं ग्रीस. लेकीनं कोपरानं ढोसल्यावर तो उभा राहिला आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

"काकू, मनापासून सांगतो, अगदी आतून..."

"बस खाली," बाई म्हणाल्या. "ते मी लिहिलंय. तुझं काय ते बोल."

त्याला दरदरून घाम फुटला. "तुमच्या मुलीशिवाय माझं आयुष्य म्हणजे दिवा नसलेलं घर..."

"भाग एकशे बारा."

"तिच्या डोळ्यांत मी कधी पाणी येऊ देणार नाही..."

"दोनशे चाळीस. आणि पुढच्याच भागात तो तिला सोडून जातो."

"आई, पुरे!" लेक किंचाळली.

"का म्हणून? एक वाक्य, फक्त एक वाक्य स्वतःचं बोलू दे त्याला. मग खुशाल लग्न करा."

बिचाऱ्यानं नखातलं ग्रीस खरवडलं. शेवटी फरशीकडे बघत म्हणाला, "काकू, तुमच्या लिफ्टचा ब्रेक नीट धरत नाहीये. येताना दोनदा गचका बसला. खाली पाटी लावायला हवी होती, पण उशीर झाला तर ही रागावेल म्हणून तसाच वर आलो. मी दुरुस्त करेपर्यंत तुम्ही दोघी जिन्यानंच ये-जा करा."

बाईंचा जीव भांड्यात पडला. सातशे भागांत असलं एक वाक्य त्यांना सुचलं नव्हतं. "पसंत आहे मला मुलगा!" त्या म्हणाल्या.

लेकीचं तोंड मात्र एवढंसं झालं. "मागणी घालायला आलास की लिफ्ट तपासायला? एवढा मोठा क्षण, आणि तू ब्रेकचं काय घेऊन बसलास?"

ती ताडकन उठली. दाराशी गेली, चौकट धरली, मान वळवून मागे पाहिलं. बाईंनी नकळत तीन आकडे मोजले, कारण मालिकेत अशा जागी जाहिराती लागायच्या. मग लेक तरातरा लिफ्टकडे निघाली.

"अगं, लिफ्टनं नको!" जावईबापू धावले आणि दारातल्या चपलांत पाय अडकून सपशेल आडवे झाले.

"ब्रेक गेलाय तिचा! ऐक जरा, कार्टे!" बाई ओरडल्या.

पण ती कसली ऐकतेय! बटण दाबलं. लिफ्ट कण्हत वर आली, दार उघडलं. लेकीनं एक पाय आत टाकला. बाईंचा हात आपोआप छातीवर गेला.

"थांब! मनापासून सांगते, अगदी आतून!"

लेक थांबली. तिनं पाय मागे घेतला. दार मिटलं आणि रिकामी लिफ्ट दाणदाण गचके खात खाली गेली.

लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती धावत येऊन बाईंच्या गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "आई, आज पहिल्यांदा तू काहीतरी मनातलं बोललीस!"